जमिनीखालून आणलेला उजेड

४ फेब्रुवारी

चर खणायला घेतली! टेकाडावरच्या शेडपासून सुरुवात — ऊन तिथंच, म्हणून पॅनेल अन् बॅटऱ्याही तिथंच — आणि तिथून खाली आमच्या लाकडी घरापर्यंत. घर झाडांत बुडालेलं. इतकी वर्षं हौसेनं सावलीत राहिलो, आता तीच सावली आडवी येते आहे.

वायरमन म्हणाला, "काका, दोन खांब रोवू, वरून तार ओढू. दुपारपर्यंत काम फत्ते!" नको म्हटलं. वाऱ्यात फांद्या कोसळतात. तार तुटून नेमकी हिच्या पायात यायची.

ही इथं आहेच कुठं पण! पावसाळ्यापासून लेकीकडे आहे. विसरायला लागली. रात्री उठायची, अंधारात धडपडायची. एकदा पेटता कंदील पडद्यापाशी ठेवून झोपली. पडदा गेला, आम्ही वाचलो. लेक म्हणाली, "बाबा, महिनाअखेर घरात लाइट आली तर आईला आणते. नाहीतर अशा विसरणाऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत जागा मिळते आहे, ती मी सोडणार नाही. मी नोकरी करू की दारात उभी राहू?"

दारातच. कारण ही सारखी दाराशी जाते अन् एकच म्हणते — "मला घरी सोडा."

म्हणून खणतो आहे.

७ फेब्रुवारी

हात सोलवटले. हिच्या लिंबाच्या झाडाशी आलो आणि कुदळ उचलवेना. मुळं तुटली असती. वळसा घातला. पुढं जाईचा वेल, तिथंही घातला. वायरमन कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "काका, ही चर आहे की नदी?" मग जरा गंभीर होऊन, "केबल पुरली नाही तर मधे जोड देणार नाही हं मी. मातीत जोड कुजतो."

"पुरेल रे."

न पुरून सांगते कुणाला! घर सरकवीन.

संध्याकाळी फोन. मी कोण ते तिला कळत नाही. पण चौथीच्या पुस्तकातली आमची कविता आहे ना — दोघांनीही वेगवेगळ्या शाळांत पाठ केलेली. मी म्हणतो,

"टेकडीवर एक झाड उभे, नाही संगे कोणी —"

आणि तिकडून, लगेच, शाळेच्याच चालीत,

"पाखरे आली सांजवेळी, म्हणू लागली गाणी!"

लग्न ठरायच्या आधी हिला पहिल्यांदा बोलतं केलं ते याच ओळीनं. रोजचं झालं मग ते. मी अर्धी सोडायची, तिनं पुरी करायची.

१० फेब्रुवारी

आज तिनं ओळ पुरी केली नाही. नुसतं "हॅलो, हॅलो" करत राहिली.

१५ फेब्रुवारी

केबल पुरली. जेमतेम! भिंतीपाशी वीतभर उरली. वायरमन हसला, "नदी मिळाली बुवा समुद्राला."

खाली वाळू, वाळूवर केबल, पुन्हा वाळू, वर विटांची रांग. मग माती, आणि मातीच्या मधोमध लांबच लांब पिवळी पट्टी. ती कशाला? तर म्हणे, "उद्या कुणी खणायला लागलं की आधी पट्टी दिसावी. खाली चालू लाइन आहे, जपून."

पट्टी मी हातानं सरळ करत गेलो. हिच्यावर अशी एखादी असायला हवी होती. लेकीकडची पाहुणेमंडळी हिच्यासमोरच हिच्याविषयी बोलतात — जणू खाली काही चालूच नाही!

२१ फेब्रुवारी

लागला! बटण दाबलं आणि सगळी खोली एकदम पांढरी झाली. मला माझेच हात ओळखू येईनात. लेकीला व्हिडिओ कॉल केला. "वा, बाबा! आता कंदील आधी घराबाहेर काढा." काढला. शेडमध्ये बॅटऱ्यांशेजारी टांगला.

२६ फेब्रुवारी

आली.

हात धरून आणली. खुर्चीच्या कडेवर बसली, परक्याकडे बसतात तशी, पिशवी मांडीवर घेऊन. वर दिव्याकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून अगदी अदबीनं म्हणाली, "छान आहे हो घर तुमचं."

आणि जरा थांबून — "आता मला घरी सोडा."

लेक बाहेर गेली. बराच वेळ आत आली नाही.

२७ फेब्रुवारी

लेकीनं सकाळी संस्थेत फोन केला. उद्या निघायचं ठरलं. चर खणली, केबल पुरली, आणि घरच सापडेना!

दिवे लागायची वेळ झाली. लेकच अचानक म्हणाली, "बाबा, आईनं हे घर असं उजेडात कधी पाहिलंच नाही ना हो... कंदील कुठं ठेवलात?"

धावत टेकाड चढलो. या वयात! मी कंदील पेटवला, लेकीनं बटण बंद केलं.

ही उठली. कुणी काही सांगायच्या आत फडताळातल्या खालच्या खणातून जुना कागद काढला. कंदील विझवून काच उतरवली, फुंकर घातली, पुसायला लागली. "किती काळवंडली आहे! पुसायला नको कुणाला. रोज सांगावं लागतं."

वीस वर्षं हीच बोलणी खाल्ली मी! डोळे भरून आले. म्हटलं, आली, माझी बायको आली.

काच लावून, वात पेटवून तिनं कंदील खिडकीत ठेवला. मग मला म्हणाली, "बसा ना तुम्ही. आमचे हे येतीलच इतक्यात. भेटूनच जा. कविता फार छान म्हणतात. ओळ अर्धी सोडतात, मला पुरी करायला लावतात."

मी कसाबसा म्हणालो, "टेकडीवर एक झाड उभे..."

"अगंबाई," ती हसली. "तुम्हालाही येते?"

२८ फेब्रुवारी

वायरमन आला. कंदिलातली वात काढून आत एवढासा पिवळा बल्ब बसवला, वायर मागून. तो पुसला तरी चालतो, पडला तरी जळत नाही. "काका, एवढी मोठी नदी आणली ती या चिमणीएवढ्या दिव्यासाठी?" मी हो म्हटलं.

पिवळा उजेड पाहून ती दाराशी गेली नाही. लेकीनं संस्थेला नको म्हणून कळवलं.

५ मार्च

लेक आज एकटीच परत गेली.

संध्याकाळी ही कंदील पुसून खिडकीत ठेवते, वाट बघत बसते. मी हल्ली त्या वेळी बाहेर जातो आणि दार वाजवून आत येतो.