दोष आढळला नाही

ती. आईंस,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरताच, कंबर धरली आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? तेल चोळता की नुसतं बाटलीकडे बघता?

पत्रास कारण तुमची धाकटी. ती दर महिन्याला पोट धरून जमिनीवर मुटकुळं करून पडते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी पडलो फ्रिज दुरुस्त करणारा. गिऱ्हाईक म्हणतं आवाज येतो, आपण गेलो की फ्रिज अगदी गरीब गाय! मग कार्डावर 'दोष आढळला नाही' असं लिहायचं आणि सही घ्यायची. सोनोग्राफीत काही निघालं नाही तेव्हा मी घरीही शहाणपणाने तेच म्हणालो. पुढचे चार दिवस माझ्या डब्यात मीठ नव्हतं. मग उपरती म्हणा, सवय म्हणा, मी दुकानातली कोरी तक्रारकार्डं आणून तिच्या उशाशी ठेवली. कधी दुखलं, कुठे, किती वेळ, सगळं लिहायचं. ('ग्राहकाची सही' या रकान्यात ती दर वेळी जीभ बाहेर काढलेलं तोंड काढायची.) आठ महिन्यांची कार्डं घेऊन आम्ही नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मला वाटलं, हसतील. त्यांनी चष्मा पुसून एकूण एक कार्ड वाचलं, तोंडांसकट, आणि म्हणाल्या, बहुतेक एंडोमेट्रिऑसिस. म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर भलत्याच जागी वाढतो, पाळीबरोबर सुजतो, आतड्याबितड्याला चिकटतो. सोनोग्राफीत दिसतोच असं नाही. हे ऐकून तुमची लेक ढसाढसा रडली. मी घाबरलो, तर म्हणते, बरं वाटलं म्हणून रडतेय. दुखणं खरं निघालं म्हणून बरं वाटलं! आई, मला माझीच फार लाज वाटली.

येत्या सोमवारी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आहे. ते पुन्हा उद्भवू शकतं, पण उतार पडेल म्हणतात. तुम्ही यायची दगदग करू नका, मी स्वयंपाक शिकलो आहे.

आपला (आणि आता लेकीचाही) आज्ञाधारक,
जावई

ता. क. स्वयंपाकाचं खोटं आहे. या.

ता. ता. क. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आईला असा त्रास होता का? घराण्यात असू शकतो म्हणे. ती म्हणाली, आई कधी बोलली नाही. घरी येताना मात्र तिला आठवलं, की महिन्यातून दोन दिवस तुम्ही आतून कडी लावून तासभर न्हाणीघर घासायचात, आणि बाहेर आलात की फरशी कोरडीच असायची. मला काही सांगू नका, मी जावई. तिला सांगा. चौदा वर्षं तिला वाटतंय, की तुमच्या घरात असं दुखणारी ती एकटीच.