डावरं दुकान

मी या घरात आजी आहे की दाराला टांगलेली टपालपेटी, ते एकदा सांग. तुझा फोन येतो, आवाज असा खणखणीत की शेजारीही ऐकू जावा. समोर तुझा बाप बसलेला असतो, कान माझ्याकडे आणि डोळे छताकडे. तू विचारतेस, बाबांची कंबर कशी आहे. तो मला सांगतो, सांग तिला, बरी आहे. मी तुला सांगते, बरी आहे. तू म्हणतेस, पट्टा लावायला सांग. तो म्हणतो, लावतो म्हणून सांग. माझ्या तोंडात धड दात उरले नाहीत आणि दोघांच्या वाटचं बोलायचं मात्र मी. कंबर त्याची, काळजी तुझी आणि घसा बसतो माझा. तुम्ही बापलेकींनी आपापल्या जिभा कुठल्या मुहूर्तासाठी राखून ठेवल्या आहेत कोण जाणे. असो. हे पोटातलं आधी बाहेर काढलं, आता नीट बसून लिहिते.

प्रिय डावरे,

हे पत्र मी माझ्या बोटांनी टाइप करतेय, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. आपल्या पाट्यांच्या दुकानात नवा कॉम्प्युटर आला, म्हणून जुना माझ्या खोलीत आणून ठेवला, म्हाताऱ्यांनी म्हाताऱ्यांबरोबर राहावं म्हणून. चालायला लागला की घरघरतो. मीही घरघरते. आमचं बरं जमतं. तू दुकानात असताना माझ्यासाठी उरलेल्या चिकटकागदाची अक्षरं कापून बटणांवर लावून दिली होतीस ती अजून टिकली आहेत, फक्त 'ळ' थोडा उचकटलाय. तरी तुझ्या आजोबांपेक्षा तू अक्षर सुबक कापतेस, पण हे तुला तोंडावर सांगणार नाही. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. दुसरीत मी शाळा सोडली की शाळेने मला सोडलं, यावर माझ्या आईबापाचंही एकमत नव्हतं. खरी अक्षरं शिकले ती लग्नानंतर, तुझ्या आजोबांनी रंगवून घरभर वाळत टाकलेल्या पाट्यांवर. त्यामुळे मला सगळ्यांत आधी 'येथे', 'मिळेल' आणि 'बंद आहे' एवढंच वाचता यायला लागलं. संसाराला तेवढं पुरलं.

आणि निघण्याआधी तू बसवून दिलेलं ते बटण, एकदा दाबलं की अख्खं वाक्य उमटतं, तेही शाबूत आहे. जेवलीस का. बघ, एका बोटात झालं. जेवलीस का जेवलीस का जेवलीस का. हे कोपर टेकलं. राहू दे, तिन्ही वेळचं विचारून झालं.

आता दुकानाची बातमी ऐक. तू गेलीस, पण दुकान डावरं करून गेलीस. तू डाव्या हाताची, म्हणून तू माऊस डावीकडे ठेवलास, त्याची बटणं उलटी केलीस, आणि मोकळ्या राहिलेल्या उजव्या हाताला काम हवं म्हणून कामाची सगळी बटणं कीबोर्डच्या उजव्या टोकाला आणून बसवलीस. अगदी कोपऱ्यातलं दाबलं की केलेलं काम जपून ठेवायचं, त्याच्या खालचं दाबलं की झालेली चूक मागे घ्यायची. तुझ्यापुरतं ठीक होतं. पण तुझा बाप ब्रश सोडून कॉम्प्युटरवर आला तो तुझ्या हाताखाली. उजव्या हाताचा माणूस, पण शिकवणारी तू, म्हणून डाव्या हाताने शिकला. आणि त्याची समजूत अशी झाली की जगातले सगळे कॉम्प्युटर असेच असतात.

मध्यंतरी बँकेत गेला होता. तिथे गिऱ्हाइकांनी आपलं आपण बघावं म्हणून एक कॉम्प्युटर मांडून ठेवलाय. हे महाशय बसले, माऊस उचलून डावीकडे घेतला, कोपऱ्यातलं बटण दाबलं आणि जे काही व्हायचं ते झालं. मग उठून कारकुनाच्या कानाशी गेला आणि त्याची अब्रू जाऊ नये अशा हलक्या आवाजात म्हणाला, साहेब, तुमच्या मशीनची बटणं उलटी बसली आहेत, दुरुस्त करून घ्या. कारकून म्हणाला, काका, सगळीकडे अशीच असतात. घरी येऊन आम्हाला सांगतो, त्या माणसाला काडीची अक्कल नाही. तुझी आई ओट्याला धरून हसत होती, मी पदरात तोंड घालून. शेवटी तिनेच त्याला खरं काय ते सांगितलं. मग म्हणाला, म्हणजे सगळ्या जगाचं चुकलंय.

तुला वाटेल, कळल्यावर त्याने दुकान सुलटं करून घेतलं असेल. नाव नको. हाताखाली एक चष्मेवाली मुलगी ठेवली आहे, चांगली उजव्या हाताची. पहिल्याच दिवशी तिने माऊस उजवीकडे घेतला. हा उठला आणि डावीकडे ठेवून आला. तिने पुन्हा घेतला, याने पुन्हा ठेवला. आता ती बिचारी उजव्या हाताने जेवते आणि डाव्या हाताने कमावते. गिऱ्हाईक आत आलं की दोघं एकाच बाजूला कललेली दिसतात, बुडत्या होडीतल्यासारखी. जुना कॉम्प्युटर दुकानात होता तोवर दिवसभर याची कुरकूर चालायची, पोरीने दुकानाची वाट लावून ठेवली, एक बटण जागेवर ठेवलं नाही. पण त्या बटणांना कुणी बोट लावायला गेलं की अंगावर जायचा. जित्याची खोड आहे ती. याच्या बापालाही चांगलं म्हणायचं झालं की आधी शिवी सुचायची.

तू निघालीस त्या दिवशी तो काय बोलला ते मला पाठ आहे, मी दारातच होते. दुसऱ्यांची बटणं बसवत फिरायला एवढं शिकलीस का, म्हणाला. तूही काही कमी नाहीस. तुमची कोणी बसवून दिली, असं म्हणून पिशवी उचललीस. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच दोघांना झोंबलं. तेव्हापासून मी टपालपेटी.

पण हे बटणांचं काम तू फोनवर आईला समजावून सांगत होतीस ना, ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना कीबोर्ड जुळवून देतेस ते, तेव्हा तो समोर बसून चिकटकागद कापत होता. त्या हिशेबनिसाचा एकच हात चालतो म्हणून तू त्याची सगळी बटणं एका बाजूला आणलीस, आणि त्या बाईची बोटं थरथरतात म्हणून बटण जरा जास्त वेळ दाबलं तरच उमटेल असं करून दिलंस. ते ऐकताना त्याची कात्री थांबली होती. मी बघितलं. पुन्हा चालायला लागली तेव्हा कागद वाकडा कापला गेला, आणि त्याचा कागद कधी वाकडा जात नाही.

मग तू ती बातमी दिलीस, की नोकरी सोडून रस्त्यावर एक खोली घेतली आहेस आणि पुढच्या महिन्यात स्वतःचं काम थाटते आहेस. तुझी आई आनंदाने बडबडत सुटली. मी म्हटलं, भाडं वेळेवर भर. आणि तुझा बाप भिंतीकडे बघत म्हणाला, खोलीचं दार रस्त्याकडे उघडतं का. कुणाला विचारलं, भिंतीला. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, त्या भागात दारावर ऊन येत असेल. मी म्हटलं, येत असेल, ऊन सगळीकडे येतं. तिसऱ्यांदा म्हणाला, छज्जा आहे की नाही कोण जाणे. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही सवय त्याला लहानपणापासून आहे. पण तेव्हा माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

नवा कॉम्प्युटर आला तो याच सुमाराला. चिकटकागद कापायचं मोठं मशीन घेतलं, त्याला जुना चालत नाही म्हणे. मेकॅनिक येऊन जोडून गेला. नवा कॉम्प्युटर अर्थातच सगळ्या जगासारखा सुलटा. तुझा बाप म्हणाला, हा उलटा करून दे. मेकॅनिक हसला, पण माऊस उलटा करून दिला. बटणं काही त्याला जमली नाहीत. ज्याने आधी केलंय त्यालाच विचारा, म्हणाला. बाप म्हणाला, माझ्या मुलीने केलंय, ती कामात असते, तिला आता वेळ नसतो. डावरे, हे सांगताना त्याची छाती अशी पुढे आली होती की कमरेचा पट्टा तुटतो की काय असं मला वाटलं. मेकॅनिकने काम जपून ठेवायची साधी रीत दाखवली, दोन बटणं एकदम दाबायची. याने मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी.

आता घोडं कुठे अडलंय ते सांगते. दुकान बंद झालं की सगळ्यांना घरात पाठवतो आणि एकटा त्या नव्या कॉम्प्युटरवर काहीतरी करत बसतो. कुणी आत गेलं तर पडद्याकडे पाठ करून उभा राहतो. विचारलं तर म्हणतो, गिऱ्हाइकाचं काम आहे. दाराच्या फटीतून अक्षरं लागत नाहीत, पण काम चांगलं होताना दिसतं. हौसेने मागे सरकून बघतो, मान इकडे तिकडे करतो, माऊसने सगळी अक्षरं एकत्र पकडतो, आणि जपून ठेवायला म्हणून बोट जातं कोपऱ्यातल्या बटणावर. तुझ्या कॉम्प्युटरवर ते जपून ठेवायचं. या नव्यावर ते पुसायचं. सगळं साफ, पडदा पांढराफटक. मग चूक मागे घ्यायला त्याच्या खालचं दाबतो, तर तेही इथे भलतंच काही करतं. त्याला हे माहीत आहे, बरं का. पण बोटाला कुठे माहीत आहे. तुझ्या आईने कोपऱ्यातल्या त्या बटणावर चिकटपट्टी लावली. तो चिकटपट्टीवरून दाबतो. मी वर औषधाच्या बाटलीचं झाकण चिकटवलं, तर झाकण काढून बाजूला ठेवलं आणि दाबलं. वर मलाच म्हणतो, आई, हे झाकण इथे कुणी ठेवलं. पुन्हा पहिल्यापासून करायला बसतो. मी म्हटलं, विचार तिला. म्हणाला, गिऱ्हाइकाच्या कामासाठी तिला कशाला त्रास.

काल त्याला फोन आला म्हणून तो बाहेर गेला आणि मी आत शिरले. चष्मा पदराने पुसला आणि वाचायला घेतलं. 'येथे' एका नजरेत वाचलं, 'मिळतील' पण वाचलं, ते माझ्या ओळखीचेच. बाकीच्याला वेळ लागला, पण मी एकेक अक्षर लावत गेले. वर मोठ्या अक्षरांत तुझं नाव आहे, आडनावासकट, आणि खाली लिहिलंय, येथे हाताच्या सोयीने बटणं बसवून मिळतील. बाजूला दाराकडे दाखवणारा एक हात काढलाय, तुझे आजोबा काढायचे तसा. फक्त त्यांचा नेहमी उजवा असायचा. हा डावा आहे. तर गिऱ्हाईक कोण ते तुला कळलं असेल. त्याला तुझ्या दाराच्या वरची जागा किती लांब, किती उंच ते हवंय, छज्जा आहे का ते हवंय, आणि ते कोपऱ्यातलं बटण पूर्वीसारखं करून हवंय, म्हणजे पाटी एकदाची टिकेल, कापली जाईल आणि तुझं दार उघडायच्या आत तुझ्याकडे पोचेल. मेकॅनिक सांगत होता, तुला तिथे बसून इथला कॉम्प्युटर दुरुस्त करता येतो, पण इथे बसलेल्या माणसाला आधी 'हो' वर दाबावं लागतं, त्याशिवाय आत येता येत नाही. तो दाबेल, मी सांगते. पण आधी तू दार वाजवायचं. मी सगळं बघितलंय हे त्याला सांगू नकोस. नवा कॉम्प्युटर नीट चालतो का एवढंच विचार, पुढचं त्याचं तो सांगेल, निदान छज्ज्याचं तरी विचारेल. आता हे पत्र मी कोपऱ्यातलं बटण दाबून जपून ठेवते. माझ्याकडे ते अजून खरं बोलतं.

तुझीच,
आजी (टपालपेटी आजपासून बंद आहे)

ता. क. या पत्राचं उत्तर मला पाठवायचं नाही. दाराचं माप घे आणि दुकानाच्या फोनवर फोन लाव. तो तुझ्या बापाने उचलायचा आहे, आणि तो उचलेपर्यंत तू ठेवायचा नाहीस. जेवलीस का.