मिडवाईफबाईंचे दोष

४ मार्च
सुनेला सातवा लागला. प्रसूतिकेंद्रात नवीन बाई आली आहे. सुईण म्हटलं तर म्हणे मिडवाईफ म्हणा. वय जेमतेम तीस, स्वतःचं एकही पोर नाही. मी तीन बाळंतपणं सोसली. जिला पोहता येत नाही, तिनं बुडत्याला हात द्यायचा. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर तिचे दोष टिपणार. वरिष्ठांकडे अर्ज करायला बरे.

११ मार्च
दोष पहिला: हात धुवायला साबणाची उधळपट्टी. बघूनच जीव हळहळला. आम्ही तुकड्याला तुकडा चिकटवून महिना काढतो.
दोष दुसरा: सुनेच्या पोटाला हात लावू गेले, तर मलाही धुवायला लावले. म्हटलं, आंघोळ करून, पोथी वाचून आले आहे. म्हणाली, पोथी चांगलीच, पण साबण लागतोच.

१८ मार्च
दोष तिसरा, सगळ्यात ओंगळ: दर खेपेला दहा मिनिटं मला बाहेर काढून दार लावते. नियमच आहे म्हणे, बाईला एकटीला विचारायचं. घरात कोणी त्रास देतं का, हेसुद्धा विचारतात. शी. सून माझंच कौतुक करत असणार. बाहेर येते तेव्हा डोळे भरलेले असतात.

२ एप्रिल
कळांच्या वेळी खोलीत घरचं एकच माणूस चालतं. मुलगा म्हणाला, मी जातो. सुई पाहून घाम फुटतो त्याला. म्हटलं, तू बाहेर फेऱ्या मार, तुझ्या वडिलांनी तेच केलं. माझी तयारी झाली. जपमाळ, जुन्या साड्यांची दुपटी आणि सुनेला द्यायच्या बावीस सूचना. आजपासून पाठ करून घेते आहे. पाचव्या सूचनेलाच झोपली. जिद्द म्हणून नाही या पिढीत.

९ एप्रिल
संकल्प: आठवडाभर सुनेला बोलायचं नाही. सकाळी नऊपर्यंत पाळला. मग तिनं फोडणीला तेलाची धारच धरली. मी बोलले नाही. बाटली काढून घेतली आणि आईनं काय शिकवलं, एवढंच विचारलं.

१६ मे, दुपारी बारा
कळा सुरू. केंद्रात आलो. पदर खोचून आत निघाले, तर बाई दारात आडवी.
"मावशी, आत कोण हवं ते तिनं ठरवायचं असतं. तिनं तुम्हाला नको म्हटलंय. मार्चमध्येच लिहून दिलंय."
मुलगा चपला काढून आत गेला. घामानं शर्ट भिजला होता. तरी गेला.

संध्याकाळी सहा
मुलगी झाली. दोघी सुखरूप. मुलगा शेवटपर्यंत उभा राहिला, माझे संस्कार.
बाई येऊन शेजारी बसली. वाटलं, माफी मागेल. तर विचारते, तुमच्या वेळी आत कोण होतं. म्हटलं, सासूबाई, तिन्ही वेळा. मग म्हणे, आधार वाटला का त्यांचा?
मी म्हटलं, "त्यांना बाहेर काढणारं तेव्हा कोणी नव्हतं."
कसं तोंडून गेलं, देव जाणे. तिनं लिहून घेतलं नाही, एवढंच नशीब.