ताटातली चावी

अहो,

उद्या खंडेनवमी. तुमच्यामागची पहिलीच. तुमचं ते बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र आता माझ्याकडे दिलंय, हे तुम्हाला वर कळलं का? नव्या साहेबांचा निरोप आलाय की, चावी पूजेच्या ताटात ठेवा, नारळ फोडून यंत्र ते स्वतः सुरू करणार. म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाशी बोलले तर हसतील.

एशियाडच्या वर्षी ते लाल यंत्र आपल्या अंधेरीच्या कारखान्यात आलं, तेव्हा तुम्ही नव्या नवरीसारखे लाजत त्याच्यावर बसला होतात! मी पुढे हिरवळीतले दगड वेचायची, तुम्ही मागून यायचात. एक खडा राहिला तरी यंत्र थांबवून मला ऐकवायचात. इंजिन थंड झाल्याशिवाय पेट्रोल भरायचं नाही, सायलेन्सरपाशी सुकं गवत साचू द्यायचं नाही, ऑइल रोज बघायचं. माझा वाढदिवस कधी लक्षात राहिला नाही, पण पात्याला धार लावायचा दिवस चुकला नाही. त्यावरून मी किती भांडले तुमच्याशी!

आणि ती खंडेनवमी. मी हौसेने यंत्राला झेंडूची लांबलचक माळ घातली. शेडपासून गेटपर्यंत येईतो तिचा दोरा खाली पात्यात गुंडाळला गेला. तुम्ही यंत्र बंद केलंत, आणि माझे हात बारीक म्हणून मीच पलीकडून आडवी होऊन ते आत घातले. तेवढ्यात साहेबांनी तुम्हाला बोलावलं. मुहूर्त टळतोय, चावी ठेव ताटात. तुम्ही त्यांना थांबायला सांगितलंत म्हणे, पण ताशापुढे कोण ऐकतंय?

नारळ फुटला. साहेब ताटातली चावी उचलून सीटवर चढले. मला यंत्राखालून फक्त त्यांचे बूट दिसत होते. मी हाक मारली, तीही ताशात बुडाली. बोटं दोऱ्यात अडकलेली.

चावी काही केल्या लागेना. साहेब वैतागले, ती खिशात टाकून तरातरा निघून गेले. सगळ्यांदेखत तुम्हाला बोलणी बसली. तुम्ही मान खाली घालून उभे होतात.

संध्याकाळी जोगेश्वरीला आपल्या खोलीपुढे आलो आणि मी चावी मागितली. तुम्ही म्हणालात, साहेबांच्या खिशात आहे. घराची चावी पूजेला ठेवणारा नवरा! मी डोक्याला हात लावला. मग तुम्ही हळूच खिशातून यंत्राची चावी काढून दाखवलीत.

"तुझो हात आत होतो गो. ही ताटात कशी ठेवू?"

शेजारच्या वहिनींनी चहा दिला आणि तुम्ही कुलूप दगडाने फोडलंत. आपल्यात आभार मानायची रीत नव्हती. आज मानते, त्याच बोटांनी लिहून.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी चावी परत केली, तोवर तिचं कुलूपच उरलं नव्हतं. तरी मी ती टाकली नाही. उद्या ताटात तीच ठेवणार. यंत्राची चावी माझ्या कनवटीला. आधी खाली वाकून बघेन, सगळ्यांचे हात बाहेर आहेत ना, मगच ती काढीन. मुहूर्त टळला तर टळू दे. साहेब ओरडले तर मान खाली घालून उभी राहीन, अगदी तुमच्यासारखी.

तुमचीच,
शालन