मनगटी घड्याळ घातलेला राजा

होव, ४ मार्च २००३

प्रिय हेस्टर,
सप्रेम नमस्कार वि. वि.

इकडे सर्व ठीक. गुडघे सोडले तर तुझा धाकटा भाऊ अजून चालतोय. पत्रास कारण की आपला 'राखग्रहाची स्वारी' एकोणचाळीस वर्षांनी पुन्हा लागतोय. लीड्सच्या एका जुन्या थिएटरात, १२ एप्रिलला. असल्या सिनेमांचं वेड असलेल्यांचं एक मंडळ आहे. त्याच्या चिटणीस मिसेस टॉली यांनी मला दिग्दर्शक म्हणून दोन शब्द बोलायला बोलावलंय. बारा दिवसांत, खडीच्या खाणीत, आंघोळीचे स्पंज आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या नळ्या चिकटवून आपण परग्रहावरची माणसं उभी केली, आणि लोक आजही तिकीट काढून बघतात.

राखग्रहाचा राजा हात उंच करून सांगतो की आमच्यात काळ मोजत नाहीत, आणि त्याच वेळी त्याच्या मनगटावर राजाचं काम करणाऱ्या विल्फचं घड्याळ चमकतं. तिथे तर लोक थिएटर डोक्यावर घेतात. एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ बसतो का, कुठे काय चुकलं, हे टिपायचं काम तुझं होतं. म्हणून तुलाही स्टेजवर बसवावं असं त्यांच्या मनात आहे. मी नेहमीचा किस्सा सांगेन, बहिणीच्या नजरेतून घड्याळ कसं सुटलं तो, तू जरा लाजल्यासारखं कर. स्किप्टनहून लीड्स काही लांब नाही.

लोभ आहे तसा चालू ठेव.
तुझा,
रॉलंड

स्किप्टन, ९ मार्च

रॉलंड यास,
नमस्कार वि. वि. 'सप्रेम' मुद्दाम गाळलंय, घाईत राहून गेलं असं समजू नकोस.

तुझं पत्र दोनदा वाचलं. इतका निर्लज्जपणा आहे तर माझंच वाचण्यात चुकलं असेल, असं पहिल्यांदा वाटलं. मी लाजू? बरं, विसरला असशील तर आठवण करून देते. त्या दिवशी उजेड चाललाय म्हणून तू चारचा चहा बंद केलास आणि चहावाल्या बाईला सगळ्यांदेखत हाकललंस. आपल्याकडे आईवरून दिलेली शिवी एक वेळ खपते, पण चहा काढून घेतलेला खपत नाही, हे तुला कळायला हवं होतं. सगळं युनिट तोंड फुगवून बसलं.

सव्वापाचला राजाचा शॉट झाला. विल्फचा स्पंजचा हातमोजा सरकला होता. मी घड्याळ पाहिलं, तुझ्या कानात सांगितलं, रोजच्या कागदावर लिहिलंही. साडेपाचला काम बंद. शॉट पुन्हा घ्यायला पुढे पाव तास हवा होता, त्यासाठी युनिटला विचारावं लागायचं, आणि ते विचारणं दिग्दर्शकाचं काम. तू त्यांच्या तोंडांकडे पाहिलंस. शॉट ठीक आहे म्हणालास. चार दिवसांनी निर्मात्याने विचारलं, तेव्हा बोट मात्र माझ्याकडे दाखवलंस. माझा कागद तोवर तुझ्या खिशात गेला होता.

त्यानंतर एकाही स्टुडिओने मला दारात उभं केलं नाही. 'घड्याळवाली' असं नावच पडलं. छत्तिसाव्या वर्षी शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला लागले आणि साठीपर्यंत सोलले. विल्फ गेला. आता खरं काय ते फक्त तुझ्या तोंडी आहे. स्टेजवर ते सांग, नाहीतर माझं नाव काढू नकोस.

लोभ होता तेवढा संपला, वाढवायला काही उरलेलं नाही.
हेस्टर

होव, १५ मार्च

प्रिय हेस्टर,
नमस्कार. मीही सप्रेम गाळतो, फिटंफाट.

कमाल आहे तुझी. चाळीस वर्षं राग लोणच्यासारखा मुरवून ठेवलास आणि बरणी आता माझ्या अंगावर रिकामी करतेस. माझा पहिला सिनेमा होता तो. निर्माता डोळे वटारून उभा. कोणाचं तरी नाव घ्यायलाच हवं होतं, तू बहीण, सांभाळून घेशील असं वाटलं. आणि इतकं होतं तर तू तेव्हाच का नाही बोललीस? तोंड कोणी शिवलं होतं?

लोक मला बोलावतात ते त्या किश्शासाठी. बाकी माझ्याकडे दाखवायला आहे काय? साबणाच्या आणि कुत्र्याच्या बिस्किटांच्या जाहिराती. तो किस्सा काढून घेतलास तर मी नुसता एक गुडघेदुखीचा म्हातारा. मला लोकांना हसवायला बोलावलंय, रडारड करायला नाही.

राग आवर, एवढीच विनंती.
रॉलंड

स्किप्टन, १९ मार्च

रॉलंड यास,
नमस्कार.

तोंड आईने शिवलं. तिचा फोन आला होता, की रॉलंडचं आता कुठे बस्तान बसतंय, तू मोठी आहेस, गप्प राहा. तो फोन तू तिला करायला लावलास, हे तिने शेवटच्या आजारपणात मला सांगितलं. हे मला माहीत नाही असं तू समजत होतास ना? माहीत आहे.

बारा तारखेला मी येणार आहे. स्टेजवर नाही, शेवटच्या रांगेत. तू तोच किस्सा सांगितलास तर मी उठून घरी जाईन आणि यापुढे तुझं एकही पत्र उघडणार नाही. तुझ्या आजारपणाचंही नाही.

कळावे. लोभाविषयी काही लिहीत नाही.
हेस्टर

होव, १४ एप्रिल

प्रिय हेस्टर,
सा. न. वि. वि.

तू आली होतीस की नाही, मला दिसलं नाही. दिवे तोंडावर होते. म्हणून लिहितो.

मी सांगितलं. चहा, ती चहावाली बाई, पाव तास मागायला मी घाबरलो ते, सगळं. चहापाशी आलो तोच लोक खुदखुदायला लागले. मी भेकड होतो म्हणालो, तर हसले. हे खरं आहे म्हणालो, तर आणखी मोठ्याने हसले. बहिणीचा कागद खिशात घातला आणि तिची नोकरी घालवली, यावर टाळ्या पडल्या. नंतर मिसेस टॉली म्हणाल्या की जुन्या किश्शापेक्षा हा फार छान जमलाय, दहा मे रोजी नॉटिंगहॅमला हाच सांगा.

त्यांचा काय दोष? माझ्या तोंडून हे निघालं की हसायचं असतं, ही सवय मीच त्यांना लावली. उतरताना हात द्यायला आलेला माणूससुद्धा हसत होता. मी चुकलो, हेस्टर. हे मला तिथे म्हणायचं होतं, पण तोवर दिवे मालवले आणि सिनेमा सुरू झाला. नॉटिंगहॅमला मी जाणार नाही. मला पुन्हा ते सोसणार नाही.

तू वाट्टेल ते बोल, पण पत्र उघड.
तुझा,
रॉलंड

स्किप्टन, १७ एप्रिल

रॉलंड यास,
नमस्कार वि. वि.

उघडलं. मी होते तिथे, खांबाच्या आड. शेजारची बाई हसता हसता माझ्या अंगावर कलंडली आणि म्हणाली की म्हातारा भारी गमत्या आहे. ती बहीण मीच, असं मी तिला सांगितलं. तर ती पुन्हा हसायला लागली.

तुझी दया आली असं समजू नकोस. एका संध्याकाळी लोक खरं ऐकून हसले तर तुला सोसेना. माझ्यावरचं हसू मी चाळीस वर्षं सोसलंय. 'मी चुकलो' हे तू पत्रात लिहिलंस, आणि पत्र मला एकटीला आलं. घड्याळवाली मला चारचौघांत म्हणत होते.

तेव्हा नॉटिंगहॅमला तू जायचंस. पुन्हा सांगायचंस. हसले की थांबायचं आणि पहिल्यापासून सांगायचं. मिसेस टॉलींना मी आजच कळवलंय की स्टेजवर दोन खुर्च्या ठेवा. तुझ्या शेजारी मी बसणार आहे, आणि मी हसणार नाही. त्यांचं हसू थांबेपर्यंत आपण दोघं उतरायचं नाही.

लोभाचं त्यानंतर बघू.
हेस्टर