उसवलेल्या बाहीची कैफियत

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या लाडक्या (निदान हे पत्र उघडेपर्यंत तरी लाडक्या) भाच्याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द या खेपेस अक्षरशः घ्यावा, कारण मी चटईवर पालथा पडूनच लिहितो आहे. ताठ बसून लिहायची लाज वाटते. तुझे डोळे कसे आहेत? ऑपरेशन झालेल्या डोळ्याला अजून दुपारी पाणी येतं का? काकांचा गुडघा काय म्हणतो? (काका काय म्हणतात ते विचारत नाही, माझ्याविषयीचं त्यांचं मत आईमार्फत वेळच्या वेळी पोचतं.) मशिनचा पट्टा बदललास का? इकडे माझी तब्येत ठीक आहे, म्हणजे ताप नाही. बाकी विचारू नकोस. गेल्या महिन्यात अकरा दुपारी खपून तू एका मुलीला जो निळा डगला शिवून दिलास, त्याची उजवी बाही मी चारचौघांत ब्लेडने उसवली. लिहून टाकलं एकदाचं. आता पत्र फाडू नकोस. फाशी देतानासुद्धा माणसाचं आधी ऐकून घेतात.

आमचा रविवारचा खेळ तुला माहीत आहे. लार्प म्हणतात त्याला. नाटकच, पण संहिता नाही आणि प्रेक्षक नाहीत. बंद पडलेल्या विटांच्या कारखान्यामागच्या मैदानात तीसेक माणसं जमतात, कुणी राजा होतं, कुणी शिपाई, आणि संध्याकाळपर्यंत त्याच माणसासारखं चालायचं, बोलायचं, भांडायचं. (काका याला वाढलेल्या घोड्यांची भातुकली म्हणतात. म्हणू देत.) पण मावशी, कपड्यांची काय दशा होती आमच्याकडे! राजा, एरवी विमा एजंट, टॉवेलच्या कापडाच्या गाऊनमध्ये राज्य करायचा. सेनापती, एरवी दातांचा डॉक्टर, डोक्यावर पातेलं घालून यायचा आणि दुपारी त्याची बायको ते परत न्यायला यायची. एकदा राजावर विषप्रयोग झाला. मी त्याचा एकनिष्ठ अंगरक्षक, त्याचं डोकं मांडीवर घेऊन खरोखर रडत होतो, आणि राजाने शेवटचा आचका दिला तसे त्याच्या बुटांच्या टाचांतले लाल दिवे लागले. सगळे पोट धरून हसले. मी हसलो नाही. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पर्यवेक्षकाने माझी कंपासपेटी उघडून पाहिली म्हणून मी पेपर टाकून जो उठलो तो कॉलेजातूनच उठलो. (पेटीत कर्कटकसुद्धा नव्हतं, पण प्रश्न तत्त्वाचा होता.) तेच तत्त्व पुन्हा डोक्यात शिरलं.

हल्ली मी काम करतो त्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मी वेशभूषेची नियमावली लिहिली आणि सगळ्यांना वाटली. नऊ पानं, एकेचाळीस कलमं. चेन दिसता कामा नये, बटण प्लास्टिकचं नको, बुटावर कंपनीचं नाव नको, आणि कलम सतरा: शिलाई हाताचीच हवी, मशिनची टीप आढळल्यास जागीच उसवण्यात येईल. परीक्षक कोण, तर अस्मादिक. हत्यारं दोन, ब्लेड आणि भिंग. त्यातल्या भिंगाचं सांगायला हवं, कारण घात तिथेच आहे. आमच्या खेळात राजाची दूत होणारी मुलगी एरवी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. मी तिच्याकडे तीनदा तपासून घेतले. तिन्ही वेळा मेले ठणठणीत निघाले. पहिल्या दोन वेळा डोकेदुखीवर निभावलं; तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने उठणं बरं दिसेना म्हणून भिंग विकत घेतलं. तिने विचारलं, हे कशाला. मी म्हणालो, मला बारीक गोष्टींची आवड आहे, आणि ओघात तुझी तारीफ केली, की हातशिलाई पाहावी तर आमच्या मावशीची. ती नुसतं ‘हं’ म्हणाली. त्या ‘हं’मध्ये काय होतं ते मला कळलं नाही. (प्रेमात पडलेल्याला सगळं कळतं, नेमकं कामाचं तेवढं सोडून.)

नियमावलीच्या पहिल्याच रविवारी मी फाटकाशी एकवीस जण नापास केले. राजा गाऊनसकट घरी गेला. पातेल्यावर कलम करायचं राहून गेल्यामुळे सेनापती तेवढा सुटला. माणसं इतकी कमी उरली की दोन्ही सैन्यांना मिळून त्या एकाच सेनापतीवर भागवावं लागलं, आणि अर्ध्या तासात तो स्वतःलाच शरण गेला. तेवढ्यात ती आली, दुकान बंद करून, धापा टाकत. घोट्यापर्यंत निळा डगला. मावशी, माझं काळीज विरघळलं. आणि विरघळलं म्हणूनच घोळ झाला! वाटलं, आता हिला सहज आत सोडलं तर लोक म्हणतील, हिला बरी सूट. म्हणून मी इतरांच्या दुप्पट कडक झालो. बाहीला भिंग लावलं. टाके असे एकसारखे, जणू मुंग्या शिस्तीत निघाल्या आहेत. मी जाहीर केलं, ही मशिनची टीप आहे.

‘उलटून बघ,’ ती म्हणाली.

‘कलम सतरा.’

‘अरे बाबा, आधी उलटून तर बघ!’

मी उलटलं नाही. ब्लेड घातलं आणि चार बोटं शिलाई उसवली. मग तिनेच बाही उलटी करून माझ्यासमोर धरली. हातटीप! वरून हुबेहूब मशिनसारखी, आतून टाक्यावर टाका चढलेला. तुझ्या दुकानात कापडाच्या चिंध्यांवर लोळत मी लहानाचा मोठा झालो, आणि मला ती ओळखू आली नाही. ‘तुझ्याच मावशीने शिवलाय,’ ती म्हणाली, ‘तूच सांगितलं होतंस ना.’ मी भिंग खिशात लपवलं. ‘तीनदा तपासले तुझे डोळे. दिसतं तुला सगळं. बघत मात्र काही नाहीस.’ तिने डगला काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि साध्या कपड्यांत निघून गेली. डगल्याच्या खिशात माझी नऊ पानं निघाली, घडी घातलेली, सतराव्या कलमाखाली पेन्सिलीची रेघ. एकेचाळीसच्या एकेचाळीस कलमं वाचणारं जगात एकच माणूस होतं, मावशी, आणि मी त्यालाच फाटकातून परत पाठवलं.

मला बडतर्फ केलं हे वेगळं सांगायला नको. (गाऊनमधल्या माणसाकडून बडतर्फ होण्याचं दुःख शत्रूवरही येऊ नये.) पुढच्या रविवारी त्यांनी फाटकाशी नुसती एक पत्र्याची पेटी ठेवली. आत जुन्या चादरींचे डगले, थोडी कापडं, सुईदोरा. ज्याच्या अंगावर काही खटकेल त्याच्या खांद्यावर एक डगला टाकायचा आणि ‘या, या’ म्हणून आत सोडायचं. मी कुंपणाबाहेरून पाहत होतो. राजाच्या बुटांनाही कुणीतरी तपकिरी कापड गुंडाळलं होतं. कुणी कुणाला नापास केलं नाही आणि मैदान पहिल्यांदा राज्यासारखं दिसलं. माझ्या नऊ पानांना जे जमलं नाही ते एका पेटीने केलं, हे लिहिताना हात जड होतो, पण खरं आहे. दूत तेवढी आली नव्हती. निरोप घेऊन सेनापतीच धावत होता, एका हाताने पातेलं सावरत.

असो. मी तिचा नाद सोडला आहे. तिच्या दुकानावरून जाणंही बंद केलं आहे. (समोरच्या फुटपाथवरून जातो.) तुझ्या डोळ्यांचे आणि त्या टाक्यांचे माझ्यावर जे उपकार होते ते मी असे फेडले. जमलं तर क्षमा कर, नाही जमलं तर निदान काकांना सांगू नकोस.

तुझा,
भाचा म्हणवून घ्यायला न लाजणारा, पण लाजायला हवं असं वाटणारा

ता. क. डगला पार्सलने सोबत पाठवतो आहे. बाही शिवायचा मी प्रयत्न केला. दोन्ही बाजू एकत्र शिवल्या गेल्या, आता हात कोपराशीच अडतो. ते काढून नीट कर. आणि एक विनंती (खरं तर पत्र त्यासाठीच): टाके जरा वाकडेतिकडे घाल. म्हणजे मीच शिवली असं तिला सांगता येईल. जमल्यास एका ठिकाणी सुई टोचल्यासारखा लहानसा डागही पाड.

ता. क. दुसरा. वरची विनंती रद्द. तुला वाकडा टाका घालायला सांगायची माझी जीभ कशी रेटली कोण जाणे. बांधलेलं पार्सल पुन्हा सोडवलं. डगला घेऊन शुक्रवारी मीच येतो. उसवली मी, शिवेनही मीच. तू शेजारी बस आणि तोंडाला येईल ते बोल.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आई चष्मा दुरुस्त करून आली आणि म्हणाली, त्या दुकानातली मुलगी शनिवारी तुझ्याकडे येणार आहे. बाही खराब झाली म्हणून तुझी माफी मागायला. तिने कशाची माफी मागायची गं? मागू देऊ नकोस. मी आतल्या खोलीत असेन. आहे हे तिला सांगायचं की नाही ते तू ठरव, पण सांगितलंस तर एवढंच सांग, की बाही अजून अर्धीच झाली आहे.