मागून लावलेली रोपं

आई, त्या दिवशी माझी शाळेची बस चुकली म्हणून तू मला धानाच्या बांधीवर घेऊन गेली होतीस. रोपं लावून रोवणा आटोपला, त्याला काही दिवस झालेले. पांढरे मोजे सांभाळत मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसले आहे आणि तू वाकून ओळींतून फिरतेस, मेलेल्या रोपाच्या जागी नवं खोचतेस. "राहू दे ना, एवढी तर आहेत," मी म्हणते. तू हसतेस. "जागा खाली कायले ठेवाची वं? धरलं तं धरलं."

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर पीएच.डी.साठी अर्ज केला. विषय, तुम्हा बायकांची रोवण्याची गाणी. पहिल्या वर्षी नाही म्हणाले. घरच्यांना वाटलं, आता पुरे. मला तुझी वाकलेली पाठ दिसत होती, म्हणून यंदा पुन्हा अर्ज केला. वरठीहून गाडीनं नागपूरला गेले. मुलाखत घेणारी बाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. "मॅडम, मागच्या वर्षीही तुम्हीच होता ना?" तिनं मायेनंच विचारलं. तिच्या शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "नातवंडं खेळवाची सोडून कायले हा ताप घेऊन राहिल्या?" सगळे हसले. मीही हसले. आज यादी लागली. तीत मी नाही.

तू कधी बोलली नाहीस, पण मी पाहिलं होतं. मागून लावलेली रोपं मूळ धरायची, तरी कापणीला हिरवीच असायची. विळा त्यांच्यासाठी थांबत नसे. दाणा भरायच्या आधीच ती पेंढीत बांधली जायची. तुला हे ठाऊक होतं ना? मग दरवर्षी का वाकायचीस? विचारायला तू नाहीस, आणि तिसऱ्यांदा अर्ज करायचं बळ माझ्यात उरलं नाही.

म्हणून लेकाला सांगून ठेवणार आहे. टेपरेकॉर्डर आणि गाणी टेप केलेल्या कॅसेटी माझ्यासोबत मुलाखतीला आलेल्या वरठीच्या त्या मुलीला द्यायच्या. मुलाखत देऊन बाहेर आल्यावर ती माझ्याच पाया पडली होती, आणि आजच्या यादीत तिचं नाव आहे. शब्दकोश शाळेच्या वाचनालयाला. लिहायचं टेबल सुनेला, तिच्या शिलाई मशीनला जागा नाही. सगळी गाणी उतरवून झाली, असं मी मुलाखतीत सांगितलं. ते खरं नाही. तुझ्या आवाजातली कॅसेट मी अजून लावलेलीच नाही. तेवढी कोणाला द्यायची नाही.